उतारावरचा दगड

फव्वाजने मातीचा एक गोळा उचलला, त्यावर थोडं पाणी शिंपडलं आणि अंगठा नि बोट यांच्यात दाबत दाबत त्याची पट्टी काढली. पट्टी चार बोटं खाली लोंबली तरी तुटली नाही. दुकानदार कापडाचा पोत दाखवतो तशी त्याने ती पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या नौफासमोर धरली. “बघा हज्जा. हिला माती कोण म्हणेल? च्युइंगम आहे नुसता. वीतभर तरी खणून काढावी लागणार, नाहीतर तुमचं गवत दोन हिवाळ्यांत गादीसारखं फुगेल.” नौफाच्या मांडीवर परातीत कोवळे हिरवे भोपळे होते, आतला गर काढून त्यांत भात आणि खिमा भरायचा होता. पन्नास वर्षं ती हे करत आली होती, डोळे मिटूनही केलं असतं. त्या क्षणी तिच्या हातातली लांब कोरणी भोपळ्याच्या कुशीतून आरपार निघाली आणि डाव्या तळहाताच्या मांसात घुसली. तिला दुखलं नाही. ती फव्वाजच्या त्या अंगठ्याकडे बघत होती. ओल्या तांबड्या मातीने माखलेला, नखाच्या कडेला माती भरलेला, चकचकीत. “अहो, रक्त येतंय!” फव्वाज म्हणाला. “येऊ दे,” ती म्हणाली. “तू तुझं काम कर.” परातीतले भोपळे लाल झाले, तेव्हा कुठे ती उठली आणि हाताला फडकं गुंडाळलं.

गवत हवं होतं ते सुनेला. सहर शाळेत शिकवायची, तिला घरात टापटीप लागायची, आणि सात हिवाळे तिने या अंगणाशी भांडण मांडलं होतं. पाऊस पडला की इर्बिद शहरातली ही माती बुटांना अशी धरायची की माणूस दाराशी येईपर्यंत दोन बोटं उंच झालेला असायचा. मग ती गालिच्यावर, सोफ्यावर, मुलांच्या वह्यांवर. उन्हाळ्यात तीच माती फाटायची, भेगेत हात जाईल इतकी. खरं गवत लावायचं तर आठवड्यातून एकदा येणारं नळाचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून माणसांना पुरवायचं की गवताला? तेव्हा प्लास्टिकचं. राकानने, नौफाच्या मुलाने, शेवटी मान डोलावली. सीमेपलीकडच्या दरआचा एक सीरियन कारागीर नेटकं काम करतो असं कुणीतरी सांगितलं, आणि रविवारी सकाळी फव्वाज कुदळ, फावडं आणि पहार घेऊन हजर झाला. नौफाला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिने हो म्हटलं असतं, पण का ते सांगता आलं नसतं. तिला ही माती नको होती. पाऊस पडल्यावर लोक खिडक्या उघडून तिचा वास घ्यायचे, तेव्हा नौफा खिडकी लावून घ्यायची. तिने मुलाला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट घे म्हणून सांगितलं होतं. पण राकानला अंगणच हवं होतं. “आपली जमीन लोकांनी खाल्ली ना यम्मा? मग माझ्या पोरांच्या पायाखाली चार हात तरी स्वतःची असू दे.” हे त्याला तिनेच शिकवलं होतं. दुधाबरोबर शिकवलं होतं.

म्हणून खणणं सुरू झालं तेव्हा पहिला तासभर तिला बरं वाटलं. कुदळ आत जात होती, मातीचे लचके निघत होते. आत ती ओली होती, कापलेल्या मांसासारखी, आणि नौफा खिडकीत उभी राहून मनात म्हणत होती, मार, आणखी मार, मुळासकट काढ हिला. प्रत्येक घावाबरोबर तिचे दात एकमेकांवर आपटत होते. मग फव्वाज थांबला. कुदळीच्या पात्याला माती चिकटून त्याचा गोळा झाला होता. अशी कुदळ कापत नाही, नुसती चेचते. त्याने फुटक्या फरशीचा तुकडा घेतला आणि पातं खरवडलं. खर्रर्र. पुन्हा चार घाव, पुन्हा खर्रर्र. नौफा खिडकीतून मागे सरली. स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, रेडिओ लावला. तरी तो आवाज भिंतीतून येत राहिला, जसा दात कोरताना दाताच्या डॉक्टरच्या यंत्राचा आवाज कानातून न येता कवटीतून येतो तसा.

धियाबनेही पातं खरवडलं होतं. पन्नास वर्षांत तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. पोलिसांनी किती घाव ते विचारलं, कुठे ते विचारलं. मधल्या वेळात काय झालं ते कुणी विचारलं नाही. धियाब तिचा थोरला भाऊ, चोवीस वर्षांचा, ती अठराची. यर्मूक नदीच्या बाजूचं गाव, डोंगराच्या उतारावरची शेतं, आणि त्यांच्या शेताच्या खालच्या अंगाला मिफ्लेहच्या बापाचं शेत. मधे बांधाचा एक दगड, कमरेइतका उंच. त्या सकाळी ती भाकऱ्या आणि दह्याचं मडकं घेऊन शेतात पोचली, तेव्हा धियाबची कुदळ वर गेलेली होती. पहिला घाव मिफ्लेहच्या खांद्यावर बसला. पाऊस नुकताच पडून गेलेला, पात्यावर मातीचा गोळा, त्यामुळे खांदा कापला गेला नाही, मोडला. मिफ्लेह गुडघ्यांवर आला आणि म्हणाला, “अरे धियाब, वेडा झालास?” जणू कुणी अंगावर पाणी उडवलं असावं, एवढ्याच रागाने. दुसरा घाव बरगड्यांत. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज. आणि मग धियाब थांबला. त्याने कुदळीकडे पाहिलं. ती नुसता चिखलाचा गोळा झाली होती. तो चार पावलं चालत बांधाच्या दगडाशी गेला, आणि त्याच दगडाच्या कडेवर त्याने पातं खरवडून स्वच्छ केलं. या बाजूने, मग त्या बाजूने. घाई नाही. शेतकऱ्याचा हात, हत्यार घाण असलं की चालत नाही. तेवढ्या वेळात मिफ्लेहने उठायचा प्रयत्न केला. त्याचे तळवे चिखलात घसरत होते, तो पुन्हा पुन्हा छातीवर पडत होता, आणि पडता पडता त्याने नौफाकडे पाहिलं. तेवढ्या वेळात तिला ओरडता आलं असतं. शेजारच्या शेतात माणसं होती. तिला भावाच्या हाताला लोंबकळता आलं असतं. ती हातात भाकऱ्या घेऊन उभी राहिली. भाकऱ्या अजून गरम होत्या, तिच्या मनगटाला चटका बसत होता, हे तिला आजही आठवतं. मग तिसरा घाव आला, आणि त्या घावाला पातं स्वच्छ होतं.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. रक्त उकळतं ते पहिले तीन दिवस. त्या तीन दिवसांत मारलेल्याचे भाऊबंद काय वाटेल ते करू शकतात, कुणी हात धरत नाही. त्यांनी जनावरांचा पेंढा पेटवला, घर पेटवलं. ऑलिव्हची एकोणीस झाडं बुंध्यापासून कापली; ती झाडं तिच्या आजोबांच्या आजोबांनी लावलेली होती. गाढवाच्या चारी पायांच्या शिरा तोडल्या आणि त्याला तसंच ओरडत ठेवलं. तिच्या आईने हाताने मळून, वर्षानुवर्षं लिंपून उभी केलेली मातीची भट्टी कुणीतरी लाथांनी फोडली आणि तीत मुतलं. चौथ्या दिवशी भर दुपारी पोलिसांच्या गाड्यांच्या मधून धियाबचं सगळं गोत, पाचव्या पिढीपर्यंतचं, ट्रकमध्ये बसून मुलखाबाहेर निघालं. खून एकाने केला आणि घरं बाविसांनी सोडली. ट्रकमध्ये कुणी रडत नव्हतं. चुलते, चुलत चुलते, ज्यांनी कधी त्या दगडाकडे नीट पाहिलंही नव्हतं, ते सगळे नौफाकडे बघून मान हलवत होते. ‘त्याला दगड सरकवताना पोरीनं डोळ्यांनी पाहिलंय,’ असं ते एकमेकांना सांगत होते. त्या वाक्यावर बावीस घरांनी परमुलखात दिवस काढले. झर्का शहरात दोन खोल्यांत चौदा माणसं. हद्दपारीतल्या मुलीला कोण करून घेणार? तिला एका बिजवराला दिलं. त्याला बोलायला आवडायचं नाही आणि मारायलाही फारसं आवडायचं नाही. तो कंटाळ्याने मारायचा. धियाब बारा वर्षांनी तुरुंगातून सुटला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. मरायच्या आधी त्याने तिला एकदाच विचारलं होतं, “नक्की पाहिलंस ना तू?” आणि तिने त्याच्या तोंडात चमच्याने सूप घालत म्हटलं होतं, “माझ्या या डोळ्यांनी.”

तिने पाहिलं होतंच. खुनाच्या आदल्या दिवशी पहाटेचा पाऊस थांबल्यावर ती खुब्बेझाची रानभाजी खुडायला बांधावर गेली होती. मिफ्लेह त्या दगडापाशी गुडघे टेकून बसला होता. दोन्ही हात मनगटापर्यंत चिखलात, अंगठे दगडाच्या बुडाशी रोवलेले. दगड खालच्या अंगाला होता की वरच्या, आपल्या शेतात की त्यांच्या, हे तिने पाहिलं नव्हतं, पण गेल्या वर्षी तो जंगली पिस्त्याच्या झाडाच्या सरळ रेषेत होता आणि त्या पहाटे नव्हता, एवढं तिला दिसलं. तिने पोलिसांना सांगितलं, न्यायाधीशाला सांगितलं, शेखांच्या बैठकीत पडद्याआडून सांगितलं: त्याने मला पाहिलं, दचकला, हात पुसले, काही बोलला नाही. नऊ वर्षांनी समेट झाला तेव्हा मिफ्लेहच्या म्हाताऱ्या बापाने ना उंट मागितले ना जमीन. तो म्हणाला, एकच म्हणा, माझ्या पोरानं दगड हलवला नव्हता. सगळी बैठक नौफाच्या बापाकडे बघत राहिली. बाप म्हणाला, “माझ्या मुलीनं पाहिलंय. मी कसं म्हणू?” म्हातारा उठला, चालता झाला, आणि दोन दिवसांनी लोकांनी समजूत घातल्यावर परत येऊन काही न मागता क्षमा करून गेला. त्या घराण्याला अजून, पन्नास वर्षांनी, लोक ‘दगड सरकवणारे’ म्हणतात. त्यांच्या मुलींची लग्नं त्यावरून अडतात. भांडणात पोरं ते एकमेकांच्या तोंडावर फेकतात. नौफाला हे कळायचं, कारण शेजारच्या उम्म हैसमची मावशी त्याच गावात दिलेली होती आणि उम्म हैसमच्या तोंडाला झाकण नव्हतं. ऐकताना नौफाला एक कोरडं समाधान वाटायचं. ते समाधान होतं म्हणून ती उभी होती. ते काढून घेतलं असतं तर बाविसांची बावीस घरं तिच्या डोक्यावर येऊन पडली असती.

सोमवारी फव्वाजने खणलेल्या खड्ड्यात जाड काळं कापड अंथरलं, त्यावर बारीक खडीचा पहिला थर टाकला. मंगळवारी त्याने भाड्याने धुम्मसाचं यंत्र आणलं. ते सुरू झालं आणि घर थरथरायला लागलं. कपाटातले काचेचे पेले एकमेकांवर आपटू लागले. नौफा पायरीवर येऊन बसली, कारण आत बसवेना. यंत्र खडीवर आपटत होतं, पुढे सरकत होतं, आपटत होतं, आणि प्रत्येक ठोका तिच्या जबड्यात, मग छातीत, मग तळहाताच्या जखमेत उतरत होता. तिला वाटलं, हे मातीला गप्प बसवतंय. रात्री तिला झोप आली नव्हती. रविवारपासून तो अंगठा डोळ्यांसमोरून जात नव्हता, आणि त्याच्याबरोबर दुसरंच काहीतरी वर येऊ पाहत होतं. मिफ्लेहची एक जुनी थट्टा. खुनाच्या महिनाभर आधी तो तिला पाणवठ्यावर बायकांच्या देखत म्हणाला होता, “नौफा, पाय बघ तुझे! अर्धं शेत चिकटवून नेतेस रोज. त्यातला आमचा वाटा झटकून जा.” बायका पोट धरून हसल्या होत्या. ती तीन दिवस त्या वाटेने गेली नव्हती. एवढंच. एवढ्याशा गोष्टीवरून कुणी कुणाचा जीव घेत नाही, असं ती स्वतःला पूर्वी कधीतरी म्हणाली होती आणि मग तो विषय तिने मनात पुन्हा येऊ दिला नव्हता.

फव्वाजने यंत्र बंद केलं आणि घाम पुसत पायरीशी आला. तिने त्याला मरमियाची पानं घातलेला चहा दिला. चांगला माणूस होता, चाळिशीचा, दोन शब्द जास्त बोलणारा. त्याचा मेहुणा वाळू आणायला गेला होता. “कडेला सिमेंटचा कठडा घाला म्हणतात तुमचे राकान,” तो म्हणाला. “मी नाही घालणार. पलीकडच्या गल्लीत एकानं ऐकलं नाही माझं. तीन वर्षांत त्याचा कठडा रस्त्याकडे चालत गेला.”

“कठडा कसा चालेल?” ती म्हणाली.

“उतार आहे ना! अहो, ही माती श्वास घेते. पाणी प्यायली की फुगून वर येते, ऊन लागलं की आटते. पण आटताना होती तिथं परत बसत नाही, थोडी उताराकडे सरकून बसते. बोटाच्या नखाएवढी. वर जे असेल ते घेऊन जाते. पायरी असो, कठडा असो, दगड असो.”

“दगड?”

“दगड तर सगळ्यात आधी! जड असतो ना. आमच्याकडे, दरआच्या पलीकडे, हीच माती. सीमेनं काय माती बदलते? माझ्या बापाच्या शेतात हद्दीचा दगड होता, पार पुरुषभर. तीस वर्षांत दीड हात खाली गेला, आणि कुणी बोट लावलं नव्हतं त्याला.” तो हसला. “आमची म्हातारी माणसं मोठी हुशार. दर पाच-सहा वर्षांनी दोन्ही शेतांचे मालक जमायचे, दोरी लावायचे, बुडाशी हात घालून दगड हलवायचे आणि वर आणून बसवायचे. त्या दिवशी बकरा कापायचे. आम्हा पोरांना ती ईदच. तुमच्या गावात नव्हतं असं?”

होतं. तिच्या आजोबांच्या वेळी होतं. ती बापाच्या खांद्यावर बसून गेली होती. ताटात भाताचा डोंगर, आणि दोन म्हातारे चिखलात हात घालून हसताहेत. मग आजोबा गेले, मिफ्लेहचा आजोबा गेला, आणि मुलांची पाण्यावरून भांडणं झाली, आणि बकरा कुणी कापायचा यावरून ते राहूनच गेलं. आणि आता ते वाक्य वर आलं, ज्याला तिने पन्नास वर्षं खाली दाबून ठेवलं होतं. मिफ्लेह बोलला होता. चिखलातून हात न काढता, मान वर करून, हसत बोलला होता. “नौफा, बरं झालं आलीस. तुझ्या बापाला सांग, दगड पुन्हा खाली आलाय. येऊन बघा म्हणावं. बकरा आमचा.” खाली. खाली म्हणजे त्यांच्याच शेतात. त्यांचीच जमीन कमी होत होती. आणि ती पायाला अर्धं शेत चिकटवून घरी गेली, धियाबला म्हणाली, “मिफ्लेह दगड हलवत होता.” खोटं नव्हतं. तेवढंच सांगितलं. तो हलवून बघतच होता. ती त्याचं वाक्य गिळून बसली, कारण त्याच्या तोंडचं चांगलं काही घरी न्यायची तिची इच्छा नव्हती. एक दिवस, फक्त एक दिवस, त्याला शिव्या बसाव्यात असं तिला वाटलं होतं.

“हज्जा?” फव्वाज म्हणाला. “बरं वाटत नाहीये का?” तो पुढे वाकला, हातातला पेला सावरत, त्याचा मातीने माखलेला अंगठा तिच्या चेहऱ्यासमोर आला, आणि तिने त्याच्या थोबाडीत मारली. फडकं बांधलेल्या हाताने, सगळ्या ताकदीने. पेला फुटला. तिने पुन्हा मारली. जखम उघडली आणि त्याच्या गालावर तिच्या रक्ताचे पंजे उमटले. तो मागे सरला, त्याने हात वर केले नाहीत, नुसता म्हणाला, “मी काय केलं? मी काय केलं?” आणि ती मारत राहिली, छातीवर, हातांवर, तोंडातून शब्द न काढता, नाकाने श्वास घेत, जनावरासारखी.

फाटक वाजलं. राकान जेवायला आला होता. त्याने पाहिलं ते असं: परका पुरुष त्याच्या अंगणात, आईच्या हातातून रक्त वाहतंय, काचा. बायका-पोरं असलेल्या घराच्या आवारात परक्याने मर्यादा ओलांडली तर काय करायचं ते इथे कुणाला शिकवावं लागत नाही. राकान मुळातच तापट. गाडी लावण्यावरून त्याने एकदा एकाचा जबडा मोडला होता. “काय बोलला हा तुला?” तो म्हणाला. आवाज अगदी शांत होता. नौफाला तो शांतपणा माहीत होता.

“मी काही बोललो नाही साहेब, अल्लाची शपथ, मातीबद्दल—”

“तुला विचारलं नाही. यम्मा, काय बोलला?”

भिंतीवरून उम्म हैसमचं डोकं वर आलं. “मी पाहिलं, राकान! हज्जानं त्याला मारलं. हज्जा काय उगीच हात उचलणारी बाई आहे? नक्की काहीतरी घाणेरडं बोलला असणार. हे लोक! आसरा द्या, काम द्या, आणि मग हे!”

नौफाला काही बोलायचीही गरज नव्हती. गप्प राहिलं की पुरे होतं. तिची जीभ टाळूला चिकटली होती आणि तिथे ती सुखात होती. राकानने खडीत रोवलेली पहार उपसली. फव्वाज एकटा होता, परदेशी होता, त्याच्या बाजूने बोलायला बावीस घरं नव्हती, एकही नव्हतं. पहार फिरली आणि त्याच्या खांद्यावर बसली. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज. तो गुडघ्यांवर आला. “वेडे झालात का?” तो म्हणाला. हाताचे तळवे खडीवर टेकून तो उठायचा प्रयत्न करत होता, आणि एक हात त्याला साथ देत नव्हता. राकान पहारीवरची पकड बदलत होता, जास्त खालून धरत होता, नीट फिरवता यावी म्हणून. मधला तो वेळ. तोच तो, कुराणाच्या सुरुवातीची छोटी सूरा फातिहा म्हणण्याएवढा वेळ. या वेळी तिच्या हातात भाकऱ्या नव्हत्या.

तिने पहार धरली. दोन्ही हातांनी, टोकाच्या बाजूने. राकानने हिसका दिला, तिचा तळहात सोलला गेला, तिने सोडली नाही. “यम्मा, आत जा.” “नाही जाणार.” “सोड म्हणतो!” “हा घाणेरडं काही बोलला नाही. तो म्हणाला, दगड आपोआप सरकतो.”

“काय?”

“दगड आपोआप सरकतो. या मातीत. उताराकडे. मिफ्लेहनं दगड हलवला नव्हता, राकान. तो मला म्हणाला होता, बापाला बोलाव. मी बोलावलं नाही. मी धियाबला वेगळंच सांगितलं.”

राकान तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून एक एक गोष्ट उतरत गेली, झर्क्याच्या दोन खोल्या, मामाची पाठ, शाळेत हद्दपारांचा पोरगा म्हणून खाल्लेला मार, आणि तो मार सोसायला दिलेलं कारण. मग तो हळू आवाजात म्हणाला, “तुझं डोकं फिरलंय. आत चल. हे आत बोलू.” त्याने भिंतीकडे पाहिलं, मग खाली गुडघ्यांवर बसलेल्या फव्वाजकडे. “तू काही ऐकलं नाहीस. कळलं? तोंडातून एक शब्द निघाला तर—” पहारीवरची त्याची पकड अजून सुटलेली नव्हती, आता ती दुसऱ्याच कारणासाठी घट्ट झाली होती. नौफाला ते कळलं. बायकांना घरातल्या पुरुषांच्या हातांवरून सगळं कळतं. आत गेलं तर हा माणूस वाचणार नाही, आणि वाचला तरी त्याचं तोंड कसं बंद ठेवायचं ते राकान बघेल, आणि उद्या सकाळी सगळं पुन्हा होतं तसं, वरून हिरवं.

तिने पहार सोडली नाही. मान वर केली आणि भिंतीकडे तोंड करून ती ओरडली, मयताच्या घरात ओरडतात तशी, गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जाईल अशी. “उम्म हैसम! ऐक. साक्षीला राहा. मी नौफा, मुतलकची मुलगी. मिफ्लेहनं बांधाचा दगड हलवला नाही. मी खोटं सांगितलं. धियाबनं त्याला मारलं ते माझ्या सांगण्यावरून. तुझ्या मावशीला फोन कर. आत्ता कर. त्याचे भाऊ जिवंत असतील तर त्यांना सांग, तेव्हा साक्ष दिली तीच आता स्वतःच्या तोंडानं सांगतेय.”

“या अल्ला,” उम्म हैसम म्हणाली. तिचं डोकं भिंतीमागे गेलं.

“काय केलंस तू हे?” राकान म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. “तुला कळतंय का? ते येतील.”

“येऊ देत. गाडी काढ. याला दवाखान्यात न्यायचंय.”

“मी?”

“तूच. ज्या हातानं मारलंस त्या हातानं दार उघड.”

“मी याच्या गाडीत नाही बसणार, हज्जा,” फव्वाज खालून म्हणाला. त्याचा चेहरा घामाने भिजला होता आणि खांदा एका बाजूला उतरला होता. “मेहुणा येईल माझा. मी फक्त मातीचं सांगत होतो हो.”

“मधे मी बसेन,” ती म्हणाली.

राकानची पकड सुटली, नौफानेही पहार खाली टाकली. खडीवर तिचा मोठा आवाज झाला. तो तिथेच, आणून ठेवलेल्या प्लास्टिकच्या गवताच्या गुंडाळीवर बसला आणि त्याने तोंड हातांत झाकलं. त्याच्या पाठीला हात लावावा असं नौफाला वाटलं, पण हात रक्ताने आणि मातीने भरले होते. फाटकाशी एव्हाना माणसं जमली होती. समोरचा सुतार, त्याची दोन गिऱ्हाइकं, शाळेतून परतणाऱ्या बायका. कुणी आत येत नव्हतं आणि कुणी जातही नव्हतं. गर्दीतून वाट काढत कोपऱ्यावरची म्हातारी उम्म औदा पुढे आली. ती कानाने कमी ऐकायची आणि सगळीकडे उशिरा पोचायची. “काय झालं? कुणी मेलं का?” ती धापा टाकत म्हणाली. “काय म्हणतेय हज्जा? मला कुणी सांगेल का?”

कुणी सांगेना. सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. नौफा चार पावलं चालत फाटकापाशी गेली, डोक्यावरून घसरलेला रुमाल तिने मनगटाने मागे सारला, आणि उम्म औदाच्या कानाजवळ तोंड नेऊन, तरी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, सांगायला लागली.

“पाऊस पडून गेला होता,” ती म्हणाली. “मी भाजी खुडायला गेले होते.”